लष्करी सामानाची विश्वासार्हता आणि गुणवत्ता: गोव्यातल्या लहान कारखान्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

वेर्णा, कुंडई, पिसुर्ले, होंडा इथल्या कारखान्यांतून जवळपास रोज कोणाचा ना कोणाचा प्रश्न येतो. कोणी वास्कोच्या शिपयार्डसाठी ब्रॅकेट आणि पाइपची कामे करतो, कोणी सर्किट बोर्ड भरून देतो, तर कोणाच्या हातात पहिलीच संरक्षण खात्याची ऑर्डर पडलेली असते आणि सोबतचे जाडजूड स्पेसिफिकेशन पाहून झोप उडालेली असते. माझे आयुष्य शॉप-फ्लोअरवर आणि गुणवत्ता विभागात गेले. फोनवर तुकड्यातुकड्याने दिलेली उत्तरे इथे एकत्र केली आहेत. एखाद्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिसला तर तो विषय तिथे सविस्तर आहे.

१. माल इन्स्पेक्शनमध्ये पास झाला म्हणजे तो विश्वासार्ह झाला ना?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. आज, तुमच्या गेटवर, तो नग ड्रॉइंगप्रमाणे आहे का, हा गुणवत्तेचा प्रश्न. तोच नग ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळापर्यंत, न बिघडता काम करील याची शक्यता किती, हा विश्वासार्हतेचा.

डिझेलच्या लाइनमधली एक ओ-रिंग घ्या. माप बरोबर, कडकपणा बरोबर, कुठे चीर नाही. इन्स्पेक्टर सही करतो. पण ती नायट्राइलऐवजी नैसर्गिक रबराची असेल तर डिझेल पिऊन फुगते, मऊ पडते आणि गळती लागते. व्हर्नियरला हे कळत नाही. चूक खरेदीच्या टेबलावर झालेली असते, किंवा त्याच्याही आधी, ड्रॉइंगवर नुसते ‘रबर’ असे लिहिणाऱ्याच्या हातून.

२. मोटारींचे पार्ट आम्ही वर्षानुवर्षे करतो. लष्करी सामानाचे एवढे वेगळे काय?

मोटारीचा पार्ट लाखाच्या संख्येने बनतो. खोट असली तर काही आठवड्यांत सर्व्हिस सेंटरमधून बोंब येते आणि तुम्ही सुधारता. लष्करी सामान थोड्या संख्येने बनते, पुष्कळदा वर्षानुवर्षे भांडारात पडून राहते आणि एके दिवशी पहिल्याच झटक्यात चालावे लागते. मधल्या काळात तुम्हाला सांगणारे कोणी नसते.

अमेरिकी नौदलाच्या मार्क १४ टॉर्पेडोची गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. अमेरिका डिसेंबर १९४१ मध्ये युद्धात उतरली. पाणबुड्यांनी डागलेले टॉर्पेडो जहाजाखालून निघून जाऊ लागले, कारण ते लावलेल्या खोलीपेक्षा सुमारे १० फूट खालून धावत होते. ते सुधारले तेव्हा दिसले की चुंबकीय स्फोटक यंत्रणा अवेळी फुटते. ती बंद केली, तेव्हा कळले की टॉर्पेडो काटकोनात नेमका आदळला की धडकेची पिन वाकते आणि स्फोटच होत नाही. तीन दोष, एक दुसऱ्याच्या आड. सगळे निस्तरायला १९४३ चा शरद ऋतू उजाडला. युद्धाआधी पैसे वाचवायचे म्हणून खऱ्या स्फोटाच्या चाचण्या जवळजवळ केल्याच नव्हत्या.

३. एमटीबीएफ ५००० तास म्हणजे यंत्र ५००० तास चालणार ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. एमटीबीएफ म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ. बिघाड केव्हाही सारख्याच शक्यतेने होतो असे धरले, तर असे यंत्र सलग ५००० तास न बिघडता चालण्याची शक्यता फक्त ३७ टक्के. शंभरातली ६३ यंत्रे त्याआधीच एकदा तरी थांबलेली असतात. ५०० तासांची मोहीम, म्हणजे साधारण तीन आठवडे, निभावण्याची शक्यता मात्र सुमारे ९० टक्के.

म्हणून कोणी एमटीबीएफ विचारला की आपण उलट विचारावे: मोहीम किती तासांची आणि पेटीच्या आतले तापमान किती? आणखी एक. पंख्याचे बेअरिंग, पंपाचे सील अशा झिजणाऱ्या भागांना हे गणित लागू पडत नाही. त्यांचे आयुष्य वेगळे लिहावे लागते. मिल-हँडबुक २१७ या इलेक्ट्रॉनिक भागांच्या बिघाडांचा अंदाज बांधणाऱ्या अमेरिकी लष्करी पुस्तकावरून काढलेला आकडा दोन डिझाइनांची तुलना करायला कामी येतो, पण त्या हँडबुकची शेवटची सुधारणा १९९५ ची आहे. त्याच्या जोरावर कोणाला वचन देऊ नये.

४. आमचा प्रत्येक पार्ट ९९ टक्के खात्रीचा आहे. मग पूर्ण युनिट का बिघडते?

कारण टक्के गुणले जातात. एकामागे एक असे १०० भाग, प्रत्येक ९९ टक्के, तर पूर्ण साखळी टिकण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्याही खाली येते. हा नियम जर्मन इंजिनियर रॉबर्ट लुसर यांच्या नावाने ओळखला जातो. प्रत्येक भाग ९९.९९ टक्क्यांवर नेला तर पूर्ण युनिट ९९ टक्क्यांवर येते. त्यामुळे पहिला उपाय भाग कमी करणे: एक कनेक्टर, एक सोल्डर-जोड, एक होस कमी.

दुसरा उपाय जोडीला जोड देणे. ९० टक्के खात्रीचे दोन पंप लावले तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता एक टक्का. पण दोन्ही पंप समुद्राचे पाणी एकाच तोंडातून ओढत असतील आणि त्या तोंडावर जेलीफिश किंवा प्लास्टिकची पिशवी बसली, तर दोन पंप म्हणजे एकच पंप. एकच ब्रेकर, एकच केबल-ट्रे, दोघांना एकाच लॉटची सील, हे सगळे याच जातीचे. ड्रॉइंगवर दोन चौकोन दिसले म्हणून समाधान मानू नका. त्यांच्यात समाईक काय आहे ते बोटाने शोधा.

५. गोव्याची खारी हवा आणि पाऊस. आम्ही यासाठी वेगळे काय करावे? आणि सॉल्ट-स्प्रेचे ४८० तास म्हणजे किती वर्षे?

आधी दुसऱ्याचे उत्तर: त्याची वर्षे होत नाहीत. पाच टक्के मिठाचे पाणी, ३५ अंश सेल्सिअस, बंद पेटीत सतत फवारा. अशी परिस्थिती निसर्गात कुठेच नसते. ती चाचणी आजचे प्लेटिंग गेल्या महिन्यासारखेच आहे का, हे सांगते. मिल-स्टँडर्ड ८१० या पर्यावरणीय चाचण्यांच्या अमेरिकी लष्करी मानकात २४ तास फवारा आणि २४ तास वाळवणे असे आलटून पालटून करतात, कारण गंज चढतो तो ओल्या-कोरड्याच्या फेऱ्यात. तीही आयुष्य सांगत नाही.

आता आपल्या हवेचे. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, वर समुद्र. पण पाऊस मीठ धुऊनही नेतो. वास्कोतल्या एखाद्या जुन्या घराची खिडकीची ग्रिल पाहा: पावसात भिजणारी बाजू त्या मानाने बरी असते, छज्ज्याखाली झाकलेली, न धुतली जाणारी बाजू आधी फुगते. यंत्राचेही तसेच. ब्रॅकेटची खालची बाजू, झाकणाखालची फट, वॉशरच्या आतला भाग इथे मीठ बसते आणि राहते. पाणी निचऱ्याचे भोक सर्वांत खाली हवे, आणि ‘खाली’ म्हणजे यंत्र जहाजावर बसवल्यानंतरचे खाली. टेबलावर ठेवून काढलेल्या ड्रॉइंगमध्ये ते भोक बाजूला गेलेले मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

दोन वेगळे धातू एकत्र आले तर क्षेत्रफळ बघा. मोठ्या स्टीलच्या पत्र्यात लहान ॲल्युमिनियमचा रिव्हेट म्हणजे तो रिव्हेट गेलाच. मधे नायलॉनचा वॉशर किंवा सीलंट घाला.

आणि फक्त गंज नव्हे, गरम पाणीही. ब्रिटिश नौदलाच्या टाइप ४५ विनाशिकांची इंजिनव्यवस्था उष्ण समुद्रात जाऊन ताकद गमावू लागली. शेवटी डिझेल जनरेटर बदलून मोठे बसवण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. ज्या पाण्यात चालायचे, त्या पाण्याच्या तापमानाला डिझाइन तपासले पाहिजे.

६. पावसाळ्यात वेल्डिंगमध्ये क्रॅकचे प्रमाण वाढते. वेल्डर तोच, मशीन तेच. का?

इलेक्ट्रोडवर ओल बसते म्हणून. ई-७०१८ सारख्या लो-हायड्रोजन इलेक्ट्रोडचे आवरण हवेतली ओल शोषते. आर्कमध्ये त्या पाण्याचा हायड्रोजन होतो, तो वेल्डमध्ये शिरतो आणि थंड झाल्यावर, कधी एका दिवसाने तर कधी दोन दिवसांनी, वेल्डच्या कडेला आतून चीर पडते. म्हणून जास्त ताकदीच्या स्टीलवर शेवटची तपासणी वेल्ड झाल्या-झाल्या न करता ४८ तासांनी करतात. संध्याकाळी वेल्ड करून सकाळी डाय-पेनेट्रंट (चिरा दाखवणारा रंग) मारून पाठवलेला माल नंतर फुटतो, तो असा.

कंपनीच्या सूचनेप्रमाणे, साधारण ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून इलेक्ट्रोड गरम ओव्हनमध्ये ठेवायचे आणि वेल्डरने ते गरम डब्यातूनच, लागतील तेवढेच न्यायचे. जुलैमध्ये एका शेडमध्ये गेलो होतो. ओव्हन उत्तम, चार्ट भरलेला, पण वेल्डरच्या डब्याची वायर प्लगमध्येच नव्हती. डब्याला हात लावला तर थंडगार. सकाळी आठला काढलेले इलेक्ट्रोड दुपारी दोनला वापरात होते. तो मुलगा हुशार, हात सफाईदार. पण हा डबा गरम का लागतो हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्या दिवसापासून मी चार्ट नंतर बघतो, आधी डब्याला हात लावतो.

प्लेटवरची ओलही बर्नरने घालवा. पाण्याचा थर डोळ्यांना दिसत नसला तरी पावसाळ्यात तो असतो.

७. हाय-टेन्साइल बोल्ट आवळल्यावर दोन दिवसांनी आपोआप तुटले. बोल्ट नकली आहेत का?

असतीलही, पण आधी प्लेटिंगचा संशय घ्या. १२.९ ग्रेडचा, म्हणजे फार ताकदीचा, बोल्ट ॲसिडमध्ये धुतला आणि त्याच्यावर विजेने झिंक चढवले की हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो. बोल्ट आवळून ताणात ठेवला की तो हायड्रोजन ताणाच्या जागी गोळा होतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी डोके तुटते. हे मी स्वतः भोगले आहे. शनिवारी आवळलेल्या असेंब्लीखाली सोमवारी सकाळी बोल्टची तीन डोकी पडलेली होती. तुटलेली बाजू दाणेदार, साखरेसारखी. चौकशीत निघाले की प्लेटिंग करणाऱ्याकडे त्या दिवशी वीज गेली होती आणि भट्टी दुसऱ्या दिवशी लावली होती. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर कित्येक तास भाजणे ही अट असते. उशिरा भाजून झालेली इजा भरून येत नाही.

त्याच्यावर रागावलो होतो खरा, पण आमच्या पर्चेस ऑर्डरवर ‘झिंक प्लेटिंग, पिवळे’ याखेरीज एक शब्दही नव्हता. आता मी भट्टीच्या वेळ-तापमानाची नोंद मागतो. त्याहून बरे म्हणजे डिझाइनमध्येच कमी ताकदीच्या ८.८ ग्रेडचा एक साइज मोठा बोल्ट घेणे, किंवा विजेविना चढणारे झिंक-फ्लेक कोटिंग सांगणे.

८. सर्किट बोर्ड टेस्टमध्ये चालतात आणि साइटवर मरतात. गोव्यात हे जास्त होते का?

ओलीमुळे, हो. प्लास्टिकच्या आवरणातले पुष्कळ आयसी ओल शोषतात. सोल्डर वितळवणाऱ्या रिफ्लो ओव्हनमध्ये त्या ओलीची वाफ होते आणि आवरण आतून सुटते. ओल सोसण्याच्या वर्गवारीत लेव्हल ३ चा आयसी पाकीट फोडल्यावर १६८ तासांत बसवावा असे म्हणतात, पण ते ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच. जुलैमध्ये एसी बंद असलेल्या शेडमध्ये हा हिशेब कोलमडतो. ड्राय कॅबिनेट घ्या, पाकिटातले आर्द्रता-कार्ड बघा, वेळ गेली तर उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे भाजून मग बसवा.

कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे बोर्डवरचा संरक्षक थर, लावण्याआधी बोर्ड खरोखर स्वच्छ आहे ना ते बघा. सोल्डरिंगच्या उरलेल्या फ्लक्सवर कोटिंग लावले तर ओल आत कोंडली जाते.

९. बाजारात स्वस्तात मिळणारे कंपोनंट वापरले तर?

अधिकृत वितरकाबाहेर जाऊ नका. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेना समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात संरक्षण पुरवठ्यातल्या नकली इलेक्ट्रॉनिक भागांची सुमारे १८०० संशयित प्रकरणे आणि दहा लाखांवर नग नोंदवले आहेत. पुष्कळ भाग जुन्या भंगार बोर्डांवरून काढून, घासून, नवा छाप मारून आलेले होते. असा भाग तुमच्या टेस्ट-जिगवर चालतोही. त्याचे निम्मे आयुष्य आधीच संपलेले असते, एवढेच. भागाचे उत्पादन बंद झाले असेल तर प्रश्न १५ वाचा.

१०. किती नग टेस्ट केले म्हणजे पुरे? आम्ही पाच केले, पाचही पास.

पाचातून फार काही सिद्ध होत नाही. ९० टक्के विश्वासार्हता आहे असे ९० टक्के खात्रीने म्हणायचे असेल तर एकही न बिघडता २२ नग पास व्हावे लागतात. ९५ टक्क्यांसाठी ४५. ९९ टक्क्यांसाठी २३०. मधे एक जरी नापास झाला तर संख्या आणखी वाढते.

एवढे नग कोणाकडे असतात? म्हणून नग मोजण्यापेक्षा सीमा शोधा. एक नग घ्या आणि तापमान, कंप, व्होल्टेज पायरीपायरीने वाढवत न्या, तुटेपर्यंत. कुठे तुटले, का तुटले, दुरुस्ती काय, मग पुन्हा. कामाची मर्यादा ५५ अंश आहे आणि तुमचा नग ५८ ला मरतो की ९५ ला, यातून जे कळते ते पाच ‘पास’च्या शिक्क्यांतून कळत नाही.

११. क्वालिफिकेशन टेस्ट एकदा झाली आहे. मग प्रत्येक नगाला पुन्हा थंड-गरम आणि कंप का देतात? माल खराब नाही का होत?

दोन्हींचे काम वेगळे. क्वालिफिकेशन डिझाइनची परीक्षा घेते; तो नग सहसा पुरवठ्यात देत नाहीत, कारण तो दमलेला असतो. प्रत्येक नगाला द्यायची चाळणी बनवतानाच्या चुका बाहेर काढते: कच्चा सोल्डर, अर्धवट दाबलेला कनेक्टर, सैल स्क्रू. असे दोष सुरुवातीच्या तासांतच फुटतात, तर ते आपल्याच शेडमध्ये फुटू द्यावेत. चाळणी किती कडक हे डिझाइनच्या सीमेवरून ठरते. सीमा माहीत नसताना लावली तर चांगला मालही दमतो (प्रश्न १०). भारतीय सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक सामानासाठी पर्यावरणीय चाचण्यांचा आधार म्हणजे जेएसएस ५५५५५ हे मानक. ऑर्डरमध्ये त्यातल्या कोणत्या चाचण्या सांगितल्या आहेत ते ओळ न् ओळ वाचा.

१२. आमच्याकडे आयएसओ ९००१ आहे. पुरेसे आहे का? आणि तपासायला नक्की कोण येते?

आयएसओ ९००१ म्हणजे तुमच्याकडे पद्धत आहे. नग चांगला आहे असे ते म्हणत नाही. विमानाच्या कामाला एएस ९१०० लागते.

सैन्याच्या बहुतेक सामानाची गुणवत्ता हमी डीजीक्यूए, म्हणजे संरक्षण खात्याचे गुणवत्ता हमी महासंचालनालय, पाहते. लष्करी विमानांच्या सामानासाठी तसेच वेगळे महासंचालनालय, डीजीएक्यूए, तर त्यांची उड्डाणयोग्यता प्रमाणित करणारी संस्था बेंगळुरूची सेमिलॅक. युद्धनौका बांधताना नौदलाचे स्वतःचे देखरेख पथक शिपयार्डमध्ये असते. कोण येणार हे ऑर्डरमध्ये लिहिलेले असते. ‘क्वालिटी ॲश्युरन्स प्लॅन’ हा कागद उत्पादन सुरू करण्याआधी मंजूर करून घ्या. इन्स्पेक्टरने पाहीपर्यंत काम कुठे थांबवायचे, तो थांबा त्यात लिहिलेला असतो. तो थांबा ओलांडून वेल्ड झाकला तर तो उघडावाच लागतो, कितीही चांगला असला तरी.

१३. एफएमईए (बिघाडाचे प्रकार आणि परिणाम यांचा अभ्यास) कधी करायचे? आम्ही डिलिव्हरीच्या आधी करून देतो.

मग तो नुसता कागद झाला. हा भाग कसा बिघडू शकतो, बिघडला तर पुढे काय होते, आणि ते कोणाला कळेल का, हे तीन प्रश्न ड्रॉइंग पेन्सिलमध्ये असताना विचारायचे असतात. तेव्हा एक कोपरा गोल करायला काही लागत नाही.

कोपऱ्याचेच उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २७०० हून अधिक लिबर्टी मालवाहू जहाजे वेल्ड करून झपाट्याने बांधली. काहींची कवचे थंड पाण्यात तडकली; त्याच काळातले शेनेक्टडी हे तेलवाहू जहाज तर १६ जानेवारी १९४३ ला धक्क्याला बांधलेले असताना, शांत पाण्यात, दुभंगले. थंडीत ठिसूळ होणारे स्टील हे एक कारण. लिबर्टी जहाजांत डेकवरच्या हॅचचे काटकोनी कोपरे हे दुसरे. रिव्हेटच्या जहाजात चीर पत्र्याच्या कडेला थांबते. वेल्ड केलेले कवच एकसंध, त्यामुळे चीर आरपार धावते. जोडण्याची पद्धत बदलली, पण बिघाडाचा विचार जुन्याच पद्धतीचा राहिला. पुढे कोपरे गोल झाले आणि स्टील सुधारले.

एफएमईएला बसताना टर्नर, फिटर, वेल्डर यांना बोलवा. ‘हा नट उलटा बसू शकतो’ हे पहिल्यांदा त्यांना दिसते.

१४. पार्ट ०.०२ मिलिमीटर बाहेर गेला आहे. बसतो तर आहे. पाठवू का?

न सांगता, नाही. बनवण्याआधी मागितली तर डेव्हिएशन, बनल्यावर मागितली तर कन्सेशन. दोन्ही मार्ग खुले आहेत आणि त्यात कमीपणा नाही. ०.०२ ने फरक पडतो की नाही हे डिझाइन करणाऱ्याला माहीत असते. कदाचित तुमचा भाग आणि दुसऱ्या सप्लायरचा भाग, दोघेही थोडे बाहेर, एकत्र येणार असतात. पण तीच सवलत तिसऱ्यांदा मागावी लागली तर कागद थांबवा आणि मशीनकडे जा. प्रक्रिया टॉलरन्समध्ये बसत नाही, किंवा टॉलरन्सच चुकीचा आहे.

१५. सांगितलेले मटेरियल मिळत नाही. त्याहून चांगले घातले तर चालेल ना?

‘चांगले’ हा शब्द काढून ‘वेगळे’ म्हणा, म्हणजे उत्तर आपोआप सापडते. अमेरिकेची एम-१६ रायफल व्हिएतनाममध्ये अडकू लागली. डिझाइनच्या वेळी धरलेली बंदुकीची दारू बदलून दुसऱ्या जातीची दारू काडतुसात आली होती. तिने गोळीचा वेग मिळत होता, पण रायफल ठरल्यापेक्षा जलद फिरू लागली आणि काजळीही धरू लागली. चेंबरला क्रोम नव्हता आणि सफाईची सामग्री सैनिकांना पुरेशी दिली नव्हती. सैनिक मेले. क्रोम केलेले चेंबर, सुधारलेला बफर आणि सफाईचे शिक्षण आल्यावर तीच रायफल चालली. दारू बदलणाऱ्याने आपल्या परीने काम नीटच केले होते. फक्त बदललेली गोष्ट जोडीच्या गोष्टींसोबत पुन्हा तपासली गेली नाही.

म्हणून बदल लेखी मागा, आणि मंजुरीसोबत कोणती चाचणी पुन्हा करायची तेही विचारा.

१६. टेस्टमध्ये एक नग नापास झाला. दुसऱ्यांदा लावला तर पास. सांगायचे का? ऑर्डर जाईल अशी भीती वाटते.

भीती मला कळते. पगार, बँकेचा हप्ता, चवथ तोंडावर. तरीही सांगा.

अमेरिकी पाणबुडी थ्रेशर १० एप्रिल १९६३ ला खोल पाण्याच्या चाचणीत बुडाली. १२९ माणसे गेली. त्याआधी यार्डात तिच्या पाइपांच्या चांदीच्या ब्रेझिंगच्या काही जोडांची अल्ट्रासोनिक तपासणी झाली होती आणि तपासलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के जोड दर्जाखाली निघाले होते. तपासणी पुढे न नेता पाणबुडी समुद्रात गेली. अशाच एखाद्या जोडातून पाणी शिरले असावे, हा चौकशीचा निष्कर्ष. वर येण्यासाठी टाक्यांत हवा सोडली तर हवेतली ओल जाळीवर गोठून मार्ग बंद झाला. त्यानंतर आलेल्या सबसेफ या पाणबुडी-सुरक्षा कार्यक्रमात एकच गोष्ट ताठपणे धरली: काम झाले असे कोणी म्हणून चालणार नाही, वस्तुनिष्ठ पुरावा पाहिजे. सबसेफ प्रमाणपत्र असलेली एकही पाणबुडी त्यानंतर बुडालेली नाही.

तुमच्या नगाने दुसऱ्यांदा पास होऊन दाखवले म्हणजे दोष गेला असे नाही, तो लपला. सैल जोड, तापमानावर उघडणारी चीर, वेळेची चूक, हे सगळे असेच वागतात. नापास झालेला नग तसाच बाजूला ठेवा, उघडू नका. तारीख, तास, तापमान, कोण होते, शेवटी कोणती वायर हलवली ते लिहा. मग मूळ शोधा, दुरुस्ती करा, आणि त्याच लॉटचे बाकीचे नग कुठे गेले ते काढा. माझा अनुभव असा की दोष स्वतः सांगणाऱ्या सप्लायरला इन्स्पेक्टर विसरत नाहीत, चांगल्या अर्थाने.

१७. आमच्या युनिटमध्ये सॉफ्टवेअर आहे. ते तर झिजत नाही, मग विश्वासार्हता कसली?

झिजत नाही, पण परिस्थिती बदलली की चुकते. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरान इथे पेट्रियट ही क्षेपणास्त्रे पाडणारी यंत्रणा येणाऱ्या स्कड क्षेपणास्त्राला अडवू शकली नाही. २८ अमेरिकी सैनिक मेले. वेळ मोजण्यातली अतिसूक्ष्म चूक सलग १०० तास चालू राहिल्याने ०.३४ सेकंदांवर गेली होती. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातो. ‘फार वेळ चालू ठेवू नका’ अशी सूचना गेली होती. फार म्हणजे किती तास, ते लिहिलेले नव्हते. सुधारित सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचले.

तुमचे युनिट सलग किती तास चालवून पाहिले? आठ तासांची शिफ्ट संपली की बंद करत असाल तर नवव्या तासाचे तुम्हाला काहीच माहीत नाही.

१८. जहाज एकच बनते. त्याचा नमुना बनवून तोडता येत नाही. मग खात्री कशी करतात?

थरांनी. वास्कोचे गोवा शिपयार्ड १९५७ पासूनचे. तिथे २३ जुलै २०२४ ला त्रिपुट ही फ्रिगेट पाण्यात उतरली. जलावतरण म्हणजे काम संपले असे लोकांना वाटते, खरे तर त्यानंतर मोठे काम सुरू होते. पत्र्याचा मिलचा दाखला, वेल्डची तपासणी, टाक्यांची दाबचाचणी, यंत्रांची कारखान्यातली चाचणी, मग धक्क्याला बांधून, मग समुद्रात. प्रत्येक थराने खालच्या थराची चूक पकडायची असते. तुमचा साधा व्हॉल्व्ह सर्वांत खालच्या थरात असतो. तिथे सुटलेली चूक समुद्रात सापडली तर ती काढायला आधी तीन पाइप आणि एक केबल-ट्रे काढावा लागतो.

१९. बिघाड होणारच, तर दुरुस्ती सोपी करणे हेही डिझाइनमध्ये येते का?

येते, आणि फार दुर्लक्षित आहे. तारिणी ही दिवाडी बेटावर बांधलेली शिडाची नौका घेऊन नौदलाच्या सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यात परतल्या. परतीच्या टप्प्यात स्टीअरिंगमध्ये बिघाड झाला आणि मॉरिशसला पोर्ट लुईमध्ये थांबून दुरुस्ती करावी लागली. बंदर गाठेपर्यंत जे काही करायचे ते त्या सहा जणींनीच, हलत्या बोटीत, हाताशी असलेल्या सामानावर.

तुमचा पॅनेल बनवाल तेव्हा स्वतः हातमोजे घालून, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हाताने तो फ्यूज बदलून पाहा. स्क्रू सुटून खाली पडला तर कुठे जातो? न सुटणारे स्क्रू लावा. आठ प्रकारचे स्क्रू असतील तर दोनांवर आणा.

२०. टेस्टिंग फार महाग पडते. काही सोय?

संरक्षण मंत्रालयाने मे २०२० मध्ये ४०० कोटी रुपयांची चाचणी-सुविधा योजना सुरू केली. तिच्यात सुविधेच्या खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत सरकारी अनुदानाची तरतूद होती. नवे डिझाइन करणाऱ्यांसाठी २०१८ पासून आयडेक्स ही संरक्षण मंत्रालयाची योजना आहे. कोणते आयात भाग देशात बनायला हवे आहेत ते संरक्षण खात्याच्या सृजन पोर्टलवर पाहता येते. आणि एक व्यवहाराचे: दोन-तीन शेजारी कारखान्यांनी मिळून चेंबरचा दिवस घेतला तर बाहेरगावच्या प्रयोगशाळेची फेरी परवडते. जाण्याआधी प्रयोगशाळेची एनएबीएल (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता तुमच्याच चाचणीपुरती आहे ना, ते दाखल्याच्या मागच्या यादीत पाहा.

२१. एखाद्या गोष्टीला मानकच नसेल तर? आमचे काम अगदीच नवे आहे.

किंवा अगदीच जुने. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून शिवून बांधलेले जहाज, आयएनएसव्ही कौंडिण्य, दिवाडीवरच तयार झाले आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळा नाही. असे जहाज कसे तपासावे याचे पुस्तक कोणाकडेच नव्हते आणि मूळ ड्रॉइंगही नव्हते. म्हणून कवचाचा आकार पाण्यात कसा वागतो हे मद्रास आयआयटीच्या मदतीने प्रतिकृतीवर तपासले गेले, लाकडाच्या डोलकाठीचा हिशेब नौदलाने वेगळा केला, आणि शिवण्याचे काम केरळहून आलेल्या, हाताला सराव असलेल्या कारागिरांवर सोपवले.

मानक नसते तेव्हा क्रम हाच ठेवा. कोणता भाग बिघडला तर माणूस जाईल, ते आधी लिहा. त्या भागावर किती जोर येईल ते मोजा किंवा प्रतिकृतीवर पाहा. ज्याचा हात त्या कामात मुरला आहे त्याला शोधा आणि त्याच्या हाताखाली दुसरा तयार करा. आणि हे सगळे तारखेसकट अशा वहीत लिहून ठेवा, जी पुढच्या माणसाला उघडता येईल.